परदेशात प्रौढांना इंग्रजी शिकवायचं काम: कोकणातून तयारी कशी करायची

खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखाताची वाट नवी नाही. ड्रायव्हर, फोरमन, नर्स, बोटीवरचे खलाशी असं प्रत्येक वाडीतून कुणी ना कुणी तिकडे आहेच. पण इंग्रजीत एमए केलेली, बीएड झालेली आपली मुलं-मुली मात्र तासिका तत्त्वावर पोटापुरतं कमावत, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली दिसतात. प्रौढांना इंग्रजी शिकवायला बाहेर जाता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांनी ऐकलेलं असतं ते उलट्या टोकाने सुरुवात करतात: आधी जाहिरात पाहून एखादं ऑनलाइन प्रमाणपत्र विकत घेतात आणि मग कळतं की त्या देशाचा व्हिसा आपल्या पासपोर्टला मिळतच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी देश, मग पात्रता, मग अनुभव, मग कागद, आणि अर्ज सगळ्यांत शेवटी. यातला अनुभवाचा भाग इथे किनाऱ्यावर बसूनच उत्तम तयार होतो. त्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बहुतेकांचा अर्ज तिथेच कच्चा पडतो.

भारतीय पासपोर्टवर कुठे दार उघडं आहे

या क्षेत्रात एक अन्याय आहे आणि तो माहीत असलेला बरा. बरेच देश शिक्षकाचं इंग्रजी पाहण्याआधी त्याचा पासपोर्ट पाहतात. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-टू व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारताशी झालेल्या २०१० च्या व्यापार करारामुळे पात्र भारतीय शिक्षकांना तिथे वाट आहे, पण ती शाळांत सहायक शिक्षक म्हणून. प्रौढांच्या खासगी क्लासची नाही. चीनमध्येही इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांच्या नागरिकांनाच प्राधान्य आहे. युरोपात तिथलाच माणूस आधी घेतात, त्यामुळे निव्वळ इंग्रजी शिकवण्यासाठी आपल्याला वर्क परमिट मिळणं फार अवघड. या देशांच्या जाहिरातींवर वेळ घालवू नका.

आपल्यासाठी खरी जागा ओमान आणि सौदीमध्ये आहे. ओमानच्या उच्च शिक्षणात मुख्य अभ्यासक्रमाआधी फाउंडेशन प्रोग्रॅम असतो आणि त्यात मोठा वाटा इंग्रजीचा असतो. तिथलं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड सायन्सेस २०२० मध्ये सरकारी महाविद्यालयं एकत्र करून झालं. मस्कत, निझवा, सूर, सलालाह अशा ठिकाणी त्याच्या शाखा आहेत आणि तिथे भारतीय इंग्रजी प्राध्यापक वर्षानुवर्षं शिकवत आले आहेत. विद्यार्थी अठरा-एकोणीस वर्षांचे, म्हणजे प्रौढ वर्गच. सौदीतल्या विद्यापीठांत याच धर्तीचं प्रिपरेटरी इयर असतं. तिथे मुलींचे वर्ग वेगळे असल्याने शिक्षिकांची स्वतंत्र गरज असते. आपल्याकडच्या एमए झालेल्या मुलींनी हे नीट लक्षात घ्यावं. दोन्हीकडे साधारणपणे इंग्रजी, भाषाशास्त्र किंवा इंग्रजी अध्यापन यातली पदव्युत्तर पदवी आणि काही वर्षांचा अनुभव मागतात. स्थानिकांना नोकरीत आधी घेण्याचं धोरणही दोन्ही देशांत आहे, त्यामुळे करार ठरावीक मुदतीचा असतो हे धरूनच जा.

दुबई, शारजा, दोहा, कुवेत इथे खासगी भाषासंस्था आणि कंपन्यांतली प्रशिक्षणं जास्त. आपल्यापैकी अनेकांचा मामा किंवा चुलतभाऊ तिकडे असतो. त्याच्याकडे व्हिजिटवर राहून मुलाखती द्यायला हरकत नाही, पण वर्क परमिट हातात येण्याआधी एक तासही शिकवू नका. ते बेकायदा आहे आणि दंड तुमच्या नावावर चढतो.

व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये प्रौढांच्या संध्याकाळच्या क्लासना मागणी आहे. व्हिएतनाममध्ये वर्क परमिटसाठी पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. थायलंडमध्ये आपल्यासारख्या उमेदवाराकडे इंग्रजी परीक्षेचा गुणांकही मागतात. इथे एमए नसलं तरी चालतं, म्हणून तरुणांना ही वाट बरी.

कोणती पात्रता घ्यावी

बीएड शाळेसाठी आहे. प्रौढांच्या संस्थेत त्याला मान मिळतो, पण तेवढ्यावर भागत नाही. तिथे सेल्टा हे केंब्रिजचं प्रमाणपत्र किंवा त्याच्या तोडीचं ट्रिनिटीचं सर्ट-टेसॉल विचारतात. सेल्टात किमान १२० तासांचं प्रशिक्षण, खऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना ६ तास शिकवून त्यावर मूल्यमापन, आणि ४ लेखी असाइनमेंट असतात. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवड्यांत होतो. ऑनलाइनही करता येतो, त्यामुळे मुंबईला खोली घेऊन राहायची गरज उरलेली नाही. खर्च मात्र लाखाच्या पुढे जातो. म्हणून आधी निदान एक हंगाम प्रौढांना शिकवून बघा, काम आवडतंय का ते पाहा, आणि मगच पैसे भरा.

हजार-दोन हजारांत मिळणारी ‘१२० तासांची’ ऑनलाइन प्रमाणपत्रं वेगळी. त्यात एकदाही कुणासमोर उभं राहावं लागत नाही. काही देशांत परमिटच्या कागदापुरती ती चालतात, पण चांगली संस्था पहिला प्रश्न विचारते, ‘कुणी निरीक्षण केलेले तुमचे तास किती?’ त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं. हैदराबादच्या इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटीचे इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि डिप्लोमा दूरशिक्षणाने करता येतात. ओमान-सौदीच्या वाटेवर एमएच्या जोडीला ते शोभतात.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल २ वर्षंच ग्राह्य धरतात. ती परीक्षा आधीच देऊन ठेवू नका. अर्ज करायच्या चार-सहा महिने आधी द्या. ८ किंवा वर बँड आला तर ‘मातृभाषा इंग्रजी नाही’ या शंकेला तुमच्याकडे छापील उत्तर असतं.

अनुभव इथेच मिळतो

‘दोन वर्षं प्रौढांना शिकवल्याचा अनुभव’ अशी अट वाचून पुष्कळ जण खिडकी बंद करतात. पण आपल्या किनाऱ्यावर इंग्रजीची नड असलेले प्रौढ गल्लीगल्लीत आहेत. मालवण, तारकर्ली, देवबागला होमस्टे चालवणाऱ्या काकी आणि स्कूबाला नेणारी मुलं. रत्नागिरी-देवगडचे आंबा बागायतदार, ज्यांना बाहेरच्या खरेदीदाराशी फोनवर बोलायचं असतं. दापोली, गुहागर, रायगडातले सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) काढून बोटीवर चढणारे खलाशी. त्यांना कंपनीच्या मुलाखतीआधी मार्लिन्ससारखी इंग्रजीची चाचणी द्यावी लागते. समुद्रावरच्या संभाषणाची ठरावीक वाक्यं आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये प्रमाणित केलेली आहेत, म्हणजे अभ्यासक्रमाचा निम्मा मसाला आयता मिळतो. बाहेर जायची तयारी करणाऱ्या नर्सना ओईटी ही आरोग्यक्षेत्रासाठीची इंग्रजी परीक्षा द्यायची असते, त्यात रुग्णाशी बोलण्याचा भाग असतो. जीएनएम झालेल्या चार मुली एकत्र आल्या की तुमचा वर्ग उभा राहिला.

वेळ मात्र कोकणाच्या पंचांगाने ठरवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटन पावसाळ्यात थंड. हाच आपला शाळेचा हंगाम. पण जूनअखेर लावणी सुरू झाली की वर्ग ओस पडतो, म्हणून लावणी उरकल्यावर सुरुवात करा आणि गणपतीच्या आधी संपवा. आठवड्यात तीन दिवस, दीड-दीड तास, सहा-सात आठवडे. एवढा अभ्यासक्रम आखून पूर्ण केला तर तो अर्जात स्वतंत्र ओळ म्हणून लिहिता येतो. जागा म्हणाल तर देवळाचा सभामंडप किंवा जिल्हा परिषद शाळेची खोली, मुख्याध्यापकांना विचारून. वीज जाणार हे धरून फळा, खडू आणि छापील कार्डं ठेवा. सगळा धडा मोबाइलवर अवलंबून ठेवू नका.

प्रौढांना शिकवायचं म्हणजे काय, ते एका धड्यावरून सांगतो. होमस्टेवाल्यांचा वर्ग. पहिल्याच दिवशी एक काकी म्हणाल्या, “सर, माका वाचूक नको, बोलूक व्हया.” शाळेतला मास्तर इथे तरीही एबीसीडीपासून सुरू करतो. तसं करू नका. त्यांना विचारा, इंग्रजीमुळे नुकसान कधी होतं? उत्तर आलं: फोनवर बुकिंग घेताना. पाहुणा ‘थर्टीन पीपल’ म्हणाला, यांनी ‘थर्टी’ ऐकलं, आणि तेराऐवजी तीस माणसांच्या जेवणाचे मासे आणले.

मग धडा त्यावरच बांधायचा. फळ्यावर १३-३०, १४-४०, १५-५० अशा जोड्या. तुम्ही एक आकडा म्हणा, त्यांनी योग्य आकड्याकडे बोट दाखवायचं. थर्टीनमध्ये जोर शेवटी आणि ‘टीन’ लांब; थर्टीमध्ये जोर सुरुवातीला आणि ‘टी’ आखूड. हे व्याख्यान देऊन सांगू नका, टाळी वाजवून दाखवा. मग त्यांना शंका फेडायचं हत्यार द्या: ‘वन-थ्री ऑर थ्री-झिरो?’ शेवटची वीस मिनिटं दोघींना एकमेकींकडे पाठ करून बसवा आणि खरोखरचं बुकिंग घ्यायला लावा: तारीख, माणसं, खोल्या, शाकाहारी किती. पाठ केल्यावर चेहरा आणि हात दिसत नाहीत, फोनवर असतं तसंच होतं. या वेळात तुम्ही बोलायचं नाही. वहीत चुका टिपायच्या आणि शेवटी कुणाचंही नाव न घेता फळ्यावर लिहून सगळ्यांकडून दुरुस्त करून घ्यायच्या. पन्नाशीच्या बाईला तिच्या सुनेसमोर मध्येच अडवून चूक दाखवली, तर ती उद्या येणार नाही.

गरज विचारणं, एकच लक्ष्य ठेवणं, आपण कमी बोलणं, चूक सांभाळून दुरुस्त करणं हे सगळं सेल्टाच्या निरीक्षणात आणि परदेशातल्या मुलाखतीत तपासतात. ज्याने मालवणात ते केलंय त्याला ते निझव्यात अवघड जात नाही.

केलेल्या कामाचा पुरावा त्याच वेळी ठेवा. प्रत्येक धड्याचा एक पानाचा आराखडा, हजेरी, सुरुवातीची आणि शेवटची छोटी चाचणी, आणि विद्यार्थ्यांची परवानगी घेऊन केलेलं दहा मिनिटांचं चित्रीकरण. वर्ग एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या, महिला बचत गटाच्या संघाच्या किंवा महाविद्यालयाच्या नावाखाली घेतलात तर लेटरहेडवर अनुभवपत्र मिळतं. त्यात तारखा, एकूण तास, विद्यार्थ्यांचा वयोगट आणि पातळी लिहून घ्या. ‘यांनी उत्तम काम केले’ एवढंच लिहिलेलं पत्र तिकडे कुणी वाचत नाही. हेही ध्यानात ठेवा की ओमान-सौदीची विद्यापीठं पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभव मोजतात. तिथे जायचं असेल तर महाविद्यालयातल्या तासिका तत्त्वाच्या नेमणुकीचे आदेश आणि पगाराच्या बँक नोंदी जपून ठेवा.

ऑनलाइन शिकवणं ही जोडीची तयारी. प्रेप्लीसारख्या ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर भारतीय शिक्षकाला घेतात. तिथे नव्या विद्यार्थ्याच्या पहिल्या चाचणी तासाची सगळी रक्कम कंपनी ठेवते आणि पुढे ३३ टक्क्यांपासून उतरत १८ टक्क्यांपर्यंत कमिशन कापते, हे आधी समजून घ्या. कमाई सुरुवातीला थोडी, पण जपानी किंवा अरब विद्यार्थी कुठे अडतो हे घरबसल्या कळतं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आणि सौदी अडीच तास मागे असल्याने सकाळ एकाला आणि रात्र दुसऱ्याला देता येते. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ असल्याशिवाय पावसाळ्यात तास लावू नका.

कागदपत्रं: सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो

पहिलं काम नावाचं. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टवर वेगळा, आधारवर तिसराच. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचे तर दोन-दोन संच. परदेशातल्या कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. पासपोर्टवर जे नाव आहे ते प्रमाण धरा, बाकीच्यांशी मेळ घालणारं प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद करून घ्या, आणि अर्जात सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा. दीक्षान्त समारंभानंतरचं मूळ पदवी प्रमाणपत्र कित्येकांनी उचललेलंच नसतं. ते आधी काढा. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पुढची कामं अडतात.

दुसरं साक्षांकन. ओमान, सौदी, बहरीन, जपान, कोरिया हे अपोस्टील करारात आहेत, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का ते मान्य करतात. सौदी २०२२ च्या डिसेंबरमध्ये आला. तिथे राज्याच्या शिक्षण विभागाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, अशी साखळी असते. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेतसाठी मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही लागतो, म्हणून वेळ आणि खर्च वाढतो. परराष्ट्र मंत्रालय उमेदवाराकडून थेट कागद घेत नाही. नेमलेल्या एजन्सीकडे द्यावे लागतात. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी मुंबई गाठाल, पण एजन्सीचं नाव मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय मूळ पदवी कुणाच्या हातात देऊ नका. खेड-चिपळूणकडे हे काम केलेली माणसं घरोघर आहेत, त्यांना विचारा. या बाबतीत त्यांचा अनुभव कुठल्याही सल्लागारापेक्षा पक्का असतो.

पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून मागवतात. ते फार आधी काढू नका, कारण काही महिन्यांतच जुनं ठरतं.

अर्ज आणि मुलाखत

विद्यापीठांचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं, म्हणून भरतीचा जोर त्याआधीच्या वसंतात आणि उन्हाळ्यात. आंब्याचा हंगाम चालू असताना तुमचे कागद तयार हवेत. विद्यापीठाच्या स्वतःच्या भरती पानावर, लिंक्डइनवर आणि टीईएफएल डॉट कॉम, डेव्हज् ईएसएल कॅफे अशा ठिकाणी जाहिराती येतात. ब्रिटिश कौन्सिलच्या शिक्षणकेंद्रांत सेल्टा आणि सेल्टानंतरचा दोन वर्षांचा अनुभव असल्यास प्रयत्न करावा.

बायोडाटा दोन पानी. त्यात वडिलांचा व्यवसाय, धर्म, छंद नको. हवं ते असं: कोणत्या पातळीच्या, किती जणांच्या वर्गाला, काय शिकवलं, त्यातून काय बदललं.

मुलाखतीत व्याकरणाचा एक प्रश्न ठरलेला. ‘आय लिव्ह्ड इन दुबई फॉर टेन इयर्स’ आणि ‘आय हॅव लिव्ह्ड इन दुबई फॉर टेन इयर्स’ यातला फरक विद्यार्थ्याला कसा समजावाल? काळाची व्याख्या सांगितलीत की गुण गेले. त्यांना हवे असतात तुमचे प्रश्न: तो आता दुबईत आहे का? पहिल्या वाक्यात नाही, परत आलाय. दुसऱ्यात आहे, अजून तिथेच. मग फळ्यावर एक रेघ, पहिल्यात ती बंद झालेली, दुसऱ्यात आजपर्यंत आलेली. मग विद्यार्थ्याला स्वतःबद्दल दोन वाक्यं करायला लावायची. अशी आठ-दहा जोडवाक्यं घरी मोठ्याने समजावून सराव करा.

उच्चारांची लाज बाळगू नका. व्ही आणि डब्ल्यूमधला फरक स्वच्छ करा, वाक्याची लय सांभाळा. खोटा अमेरिकन सूर आणू नका, तो दोन मिनिटांत उघडा पडतो.

ऑफर आल्यावर

दहावी झालेल्याच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याची सरकारी मंजुरी) लागत नाही. त्यामुळे मजुराच्या कराराची जी सरकारी छाननी होते ती तुमची होत नाही. तपासणी तुम्हालाच करायची आहे. एजंट असेल तर तो ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का पाहा. नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, तेही पावती देऊन. अमिरातीत तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मालकाला २०२१ च्या कायद्याने बंदी आहे. दोन-तीन लाख मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला, गावातला असला, तरी पैसे देऊ नका.

थायलंड-कंबोडियाच्या ऑफरबाबत विशेष सावध राहा. बँकॉकला उतरवून म्यानमारच्या हद्दीत नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबलेल्या भारतीयांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ पासून इशारे दिले आहेत. शिकवण्याच्या नोकरीत मुलाखतीला नमुना धडा मागतात. ज्याने तुमचं एकही वाक्य न तपासता तिकीट पाठवलं, त्याला शिक्षक नको आहे.

करारात आठवड्याचे प्रत्यक्ष शिकवण्याचे तास किती, राहायची सोय की भत्ता, वर्षातून एकदा मायदेशीचं तिकीट, आरोग्य विमा, नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी आणि मुदतीआधी सोडल्यास काय, हे लेखी हवं. नेमणूक विद्यापीठाची की पुरवठादार कंपनीची हे नीट वाचा. पुरवठादार असेल तर त्याच्याकडे आधीपासून असलेल्या दोन शिक्षकांशी बोलल्याशिवाय सही करू नका. लिंक्डइनवर ते सापडतात आणि ‘पगार वेळेवर होतो का’ या प्रश्नाला सहसा खरं उत्तर देतात.

निघताना सगळ्या कागदांच्या रंगीत प्रतींचा एक संच घरी आणि एक ईमेलमध्ये ठेवा. पहिला पगार हाती यायला महिना-दीड महिना लागतो, तोवरचा खर्च जवळ असू द्या. पोहोचल्यावर राहण्याचा परवाना मिळेपर्यंत भारतीय दूतावासाचा नंबर खिशात ठेवा, आणि पासपोर्ट नोंदणीसाठी दिलात तर तो परत कधी मिळणार हे त्याच दिवशी लेखी विचारा.